ओव्हरसियर साहेबांचा कांदा

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो, म्हणजे मागाहून वाद नको. भूत, भानामती, अंगात येणं या भानगडींवर माझा काडीचा विश्वास नव्हता आणि आजही फारसा नाही. मी कापसाचा ग्रेडर होतो. शेतकऱ्याच्या बैलबंडीतला कापूस मुठीत घ्यायचा, धागा ओढून पाहायचा आणि त्याची प्रत सांगायची, यात नोकरी गेली. हाताला लागेल ते खरं, बाकी सगळ्या गप्पा — असा माझा खाक्या. आमच्या सिंदी रेल्वे गावात कुणी चिंचेवरच्या बाईचं सांगायला लागलं की मी म्हणायचो, पत्ता दे, भेटून येतो. तर असा मी... आणि मलाच हे लिहावं लागतंय.

१९७६ चा उन्हाळा होता. मी वर्ध्याला कापूस खरेदी केंद्रावर होतो आणि भाड्याच्या एका खोलीत राहायचो. आईला दवाखान्यासाठी सिंदीहून आणून माझ्याजवळ ठेवलं होतं. तिच्या हृदयाची झडप बिघडली होती. डॉक्टरांनी मला बाजूला नेऊन सांगितलं, दोन वर्षं निघाली तर नशीब समजा. आईनं नुकतीच पन्नाशी ओलांडली होती. केस काळेभोर, एक पांढरा शोधून सापडायचा नाही. तिला मी काही सांगितलं नव्हतं, पण तिला कळलं असावं. तिचं एकच म्हणणं होतं — भाड्याच्या खोलीत मले मरू देऊ नको, आपल्या सोताच्या ओट्यावर बसून एक गडवा पाणी पेऊ दे, मंग काय व्हायचं ते होऊ दे.

म्हणून मी घराच्या मागे लागलो. बोरगावकडे जाणाऱ्या रस्त्यावर, नगरपालिकेची हद्द संपते तिथं, एक कोपऱ्याचा प्लॉट घेतला होता. नकाशा काढून अर्ज टाकला. तेव्हा सिमेंट परमिटवर मिळायचं, आणि नगरपालिकेनं नकाशा मंजूर केल्याशिवाय परमिट नाही. म्हणजे आईचा ओटा शेवटी एका ओव्हरसियरच्या सहीवर येऊन अडला होता.

त्यांचं खरं नाव लिहीत नाही, मोहोड साहेब म्हणू. उंच, ताठ माणूस. डोक्यावर हॅट, बुडाखाली सायकल, आणि उन्हाळाभर शर्टाच्या खिशात एक कांदा — ऊन लागू नये म्हणून आमच्याकडे ठेवतात तसा. अर्जदाराच्या घरचा चहासुद्धा घ्यायचे नाहीत अशी त्यांची ख्याती होती. ते जागा पाहायला जाणार त्या दिवशी मला केंद्रावरून सुटी मिळाली नाही. ते एकटेच जाऊन आले.

दुसऱ्या दिवशी मला ऑफिसात बोलावणं आलं. मी आनंदानं गेलो, तर साहेबांनी सगळ्या स्टाफसमोर माझी चंपीच सुरू केली. विनापरवानगी घर बांधून बसलात, वरून अर्ज करता, आणि माझी खोटी सही मारता? अर्ज नामंजूर तर करतोच, पण पोलिसांतही देतो. मला आधी हसूच आलं. म्हटलं, साहेब, तुम्ही चुकून दुसऱ्याच प्लॉटवर गेलात. त्यांनी प्लॉटचा नंबर सांगितला, हद्दीचे दगड सांगितले — सगळं बरोबर. मग घर सांगायला लागले. कोपऱ्यावर गोलाकार वळवलेला ओटा. हिरव्या रंगाची खिडकी. कडुनिंबाची सावली ओट्यावर पडलेली. ओट्यावर एक म्हातारी बसली होती, ती साहेबांना पाहून उठली, तांब्याच्या गडव्यात पाणी घेऊन आली आणि म्हणाली,

"साहेब, तुमच्याच सहीनं तं उभं राह्यलं हे घर."

इथंच साहेबांचं डोकं फिरलं होतं. सही केलीच नाही आणि ही बाई तोंडावर सांगते! चिडून ते तसेच निघाले. इतके चिडले की पाणी पिताना ओट्यावर काढून ठेवलेला कांदा तिथंच विसरले. चला, तुमच्या ओट्यावरचा माझा कांदाच दाखवतो, म्हणाले.

आता मीही पेटलो. म्हटलं, चलाच. भर दुपारी दोघं आपापल्या सायकलींवर निघालो. प्लॉटवर पोचलो तर तिथं काय असणार? चार दगड, वाळलेलं गवत आणि गुडघ्याएवढं कडुनिंबाचं रोपटं, त्याला एक बकरी तोंड लावत होती. साहेब सायकल धरून उभेच राहिले. मग त्यांनी सायकल आडवी टाकली आणि खाली वाकून जमिनीवर शोधायला लागले. एवढा कडक माणूस मोकळ्या रानात कांदा शोधतोय... माझा राग तिथंच उतरला. मी म्हटलं, साहेब, काल ऊन लागलं असेल तुम्हाला, होतं असं.

"ऊन नाई लागलं," ते म्हणाले. "मी पाणी पेलो तिथं. थंडगार होतं."

परत येताना त्यांनी एकच विचारलं, घरी आई आहे का? मी त्यांना खोलीवर घेऊन आलो. आई बाजेवर पडली होती. साहेब आले म्हटल्यावर ती पाणी द्यायला उठायला लागली, मीच तिला दाबून बसवलं. साहेब दारातच थांबले, आत आले नाहीत. तिच्याकडे पाहत राहिले. बाहेर गल्लीत आल्यावर खालच्या आवाजात म्हणाले,

"ह्याच होत्या. पण केस पूर्ण पांढरे होते."

आणि दुसऱ्या दिवशी नकाशावर सही झाली. आईला मी फक्त एवढंच सांगितलं की साहेब भला माणूस आहे, सही केली. बाकीचं कुणालाच सांगितलं नाही. सांगून हसं करून घ्यायला मला काही वेड लागलं नव्हतं.

पण खरं सांगू? ते वाक्य मी जपून ठेवलं. विश्वास नव्हता, तरी ठेवलं. काळे केस पूर्ण पांढरे व्हायला वर्षं लागतात, दोन वर्षांत होत नाहीत. आई वेणी घालायला बसली की मी तिच्या केसांकडे चोरून पाहायचो. माणूस आईसाठी किती लाचार होतो हे मला तेव्हा कळलं.

घर झालं. नकाशात होता तसा चौकोनी ओटा झाला. खिडकीला रंग द्यायची वेळ आली तेव्हा माझी खोड उफाळून आली. मुद्दाम निळा दिला. म्हटलं, घ्या मोहोड साहेब, तुमची हिरवी खिडकी. मोठा पराक्रम केल्यासारखा दोन दिवस फिरलो. मग एकाएकी मनात आलं — निळा देऊन मी आईचंच आयुष्य तर तोडलं नाही? हसू नका. हिरव्या रंगाचा डबा आणायला मी दुकानापर्यंत गेलो होतो, आणि स्वतःलाच शिव्या देत परत आलो.

पण आईनं डॉक्टरांचं काही ऐकलं नाही. दोन वर्षं गेली, मग आणखी गेली. औषधं घ्यायची, पथ्य पाळायची, ओट्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याची चौकशी करायची. माझं लग्न झालं, मुलं झाली. मोहोड साहेबांची बदली हिंगणघाटला झाली आणि ती जुनी गोष्ट मी विसरूनही गेलो... निदान तसं समजत होतो.

१९८६ च्या दिवाळीनंतर एक खोली वाढवायला काढली. पुन्हा नगरपालिका, पुन्हा नकाशा. नवे ओव्हरसियर म्हणाले, कोपऱ्याचा प्लॉट आहे, गाड्यांना वळायला कोपरा कापावा लागेल, नियम आहे. गवंडी म्हणाला, तिरपा कापला तर ओटा खराब दिसते, गोल घेतो. मी म्हटलं, घे. खिडकीचा निळा रंग उडाला होता. बायकोनं बाजारातून दुसरा आणला. मी लक्षही दिलं नाही.

पुढच्या उन्हाळ्यात एक दिवस केंद्रावरून घरी आलो. सूर्य अजून मावळला नव्हता. आई ओट्यावर भाजी निवडत बसली होती. मी चप्पल काढत होतो तर म्हणाली,

"आज ते साहेब आलते. सायकलवाले. आपल्या घराची सही केलती तेच."

मी म्हटलं, कोण, मोहोड साहेब? ते कुठले येतात आता? पण आईनं त्यांना बरोबर ओळखलं होतं. भर उन्हात आले, मी गडवाभर पाणी दिलं, म्हणाली. त्यांच्या तब्येतीचं तिला मोठं कौतुक वाटत होतं. इतकी वर्षं झाली, मी म्हातारी झाली, आणि तो माणूस आहे तसाच, एक केस पिकला नाही. फक्त एका गोष्टीचं तिला वाईट वाटत होतं. म्हणाली, "मी चांगलंच बोलली रे. म्हटलं, साहेब, तुमच्याच सहीनं तं उभं राह्यलं हे घर. तं असे पाह्यले माह्याकडे, का मी शिवीच देल्ली जशी. तसेच गेले निंघून. अन् हे पाह्य, इथंच इसरून गेले."

आणि तिनं भाजीच्या परातीतून एक कांदा काढून माझ्या हातात दिला.

मी तो धरून उभा राहिलो आणि पहिल्यांदाच त्या घराकडे नीट पाहिलं. गोल कोपरा. हिरवी खिडकी. कडुनिंब छपराच्या वर गेला होता, त्याची सावली ओट्यावर होती. आणि आईचे केस... सगळे पांढरे. रोज पाहत होतो आणि पाहिलंच नव्हतं.

मला भीती वाटली. कांद्याची नाही. इतकी वर्षं मी मनातल्या मनात ज्या दुपारच्या भरवशावर बसलो होतो, ती दुपार त्या दिवशी होऊन गेली होती. आता पुढे काय? आईनं माझ्या हातातून कांदा घेतला, चिरला आणि वांग्याच्या भाजीत टाकला. मला ते अडवायचंही सुचलं नाही.

रविवारी एसटीनं हिंगणघाट गाठलं. मोहोड साहेब रिटायर झाले होते. अंगणात खुर्चीवर बसले होते, डोक्यावर केस उरले नव्हते, बाजूला काठी. पक्षाघातानं एक पाय गेल्यापासून अंगणाच्या बाहेर पडले नाहीत, असं त्यांच्या सूनबाईंनी मला दारातच सांगितलं. साहेबांनी मला ओळखलं. कसे आहात नाही, बसा नाही. एकदम म्हणाले,

"कांदा सापडला काय?"

मी म्हटलं, सापडला साहेब, आईनं भाजीत टाकला. त्यांनी डोळे मिटले आणि हसायला लागले. इतके हसले की सूनबाई पाणी घेऊन धावत आल्या. मग मी ज्यासाठी गेलो होतो ते विचारलं — साहेब, त्याच्या पुढे काय पाहिलं तुम्ही? आईचं?

"पुढचं मले काय माहीत," ते म्हणाले. "मी पाणी पेलो अन् निंघालो. पण एक सांगतो. भरला गडवा तुमच्या आईनं एका हातानं उचलला होता, अन् हात जरासाही हालला नाई. घरी जा, काळजी करू नका."

मी घरी आलो आणि काळजी केली नाही. आई त्यानंतर पुष्कळ जगली. नातीची वरात तिनं त्याच ओट्यावरून पाहिली. उन्हाळा लागला की दुपारी पाण्याचा गडवा भरून शेजारी ठेवायची — साहेबांचा काय नेम, म्हणायची, उन्हाचेच येतात. मी तिला खरी गोष्ट शेवटपर्यंत सांगितली नाही.

ज्यांना सांगितलं ते म्हणतात, तुमच्या साहेबांना ऊन लागलं होतं. असेल. आईनं दुसऱ्याच कुणाला साहेब समजून पाणी पाजलं. तेही असेल, तिचे डोळे म्हातारे झाले होते. पण दोघांच्या तोंडी तेच वाक्य कसं आलं, आणि हिंगणघाटच्या अंगणात बसलेल्या माणसानं शहात्तर साली विसरलेला कांदा अकरा वर्षांनी आईच्या परातीत कसा आला, हे मला आजपर्यंत कुणी समजावून सांगू शकलेलं नाही. मलाही समजलेलं नाही. हाताला लागेल ते खरं मानणारा माणूस मी. तो कांदा माझ्या हाताला लागला होता. एका बाजूनं साल सुटलेली होती, आणि खिशातून नुकताच काढावा तसा तो अजून कोमट होता.