बेगमच्या नटावरचा लाल ठिपका

थांबा, आधी हे ऐका. आत्ताच्या आत्ता. रविवार आहे, सकाळचे साडेसात वाजलेत, दहा वाजता मला एका घरी जायचंय, आणि जायच्या आधी हे लिहून टाकलं नाही तर मी परत शेपूट घालणार. मला माझी चांगली माहितीये. दोन वर्षं झाली, आईला नाही सांगितलं, मैत्रिणीला नाही, कुणाला म्हणजे कुणालाच नाही. टायपिंगच्या चुका दिसल्या तर दिसू द्या, मी मागं जाऊन वाचणार नाहीये. वाचलं की खोडावंसं वाटतं.

मी मुकुंदवाडीत राहते. डिप्लोमा मेकॅनिकल, वाळूजला एका कंपनीत क्वालिटीला आहे. म्हणजे दिवसभर मी दुसऱ्यांनी केलेले पार्ट मोजते आणि हा पास, हा नापास असं ठरवते. हे लक्षात ठेवा. पुढं तुम्हाला याचं हसू येईल — किंवा राग. राग आला तर बरं.

आमचा एक येडा ग्रुप आहे. सात-आठ जण. आम्ही छोटी इंजिनं बनवतो आणि रविवारी सकाळी एकत्र बसून ती चालवतो. खेळण्याएवढी, पण खरी. काही वाफेची — तांब्याचा वीतभर बॉयलर, खाली स्पिरिटची शेगडी, पितळेचा सिलिंडर, चाक. आणि काही स्टर्लिंग, म्हणजे गरम हवेवर चालणारी, त्यांना ना पाणी लागतं ना वाफ. आमच्या नितीनदादाचं स्टर्लिंग तर चहाच्या कपावर ठेवलं की फिरतं. बँकेत आहे तो, एकदम शिस्तीचा माणूस. पहिला कप त्याच्या इंजिनाला, मग आम्हाला, असा रिवाजच आहे. 'इंजिनाला साखर कमी टाका, शुगर आहे त्याला,' हा जोक दर रविवारी व्हायचा आणि दर रविवारी आम्ही हसायचो.

हे सगळं चालायचं युसूफचाचांच्या शेडमध्ये, छावणीत. चाचा म्हणजे चाळीस वर्षं लेथवर काढलेला माणूस. रिटायर झाले, घरामागं पत्र्याची शेड, त्यात एक जुना लेथ, आणि तीन वर्षं खपून त्यांनी एक वाफेचं इंजिन केलं. विकतचा एक पार्ट नाही त्यात, प्रेशरचा काटा सोडला तर. नाव काय ठेवलं — बेगम. चाची आतून ओरडायच्या, 'अजी, कौनसी बेगम को नाश्ता देऊं पहले?' आणि चाचा शिट्टीची तार ओढायचे. बेगमची शिट्टी. गल्लीतल्या कोंबड्या पळायच्या.

आता एक नियम सांगते, सगळं त्याच्यावरच आहे.

वाफेचं इंजिन म्हणजे गंमत नाही. बॉयलर छोटा असला तरी आत प्रेशर असतं. म्हणून चाचांनी पहिल्यापासून नियम घातला होता — आपला बॉयलर आपण पास करायचा नाही. दुसऱ्याच्या हातानं करायचा. तो दुसरा माणूस आत गार पाणी भरणार, पंपानं दुप्पट प्रेशर देणार, वीस मिनिटं काट्यावरनं नजर काढणार नाही. काटा हलला नाही तर सेफ्टी वाल्व बरोबर सेट करणार. सेफ्टी वाल्व म्हणजे प्रेशर जास्त झालं की फुस्स करून वाफ सोडतो तो, कुकरला असतो तसाच. आणि मग वाल्वच्या नटावर एक ठिपका. अर्धा नटावर, अर्धा खालच्या बॉडीवर. नट कुणी जरा जरी फिरवला तरी ठिपका तडकतो. ठिपका शाबूत, म्हणजे प्रश्न विचारायचा नाही. इतका विश्वास होता त्या ठिपक्यावर.

आधी ते ऑइलपेंट लावायचे. मी आले आणि म्हटलं, अहो नेलपॉलिश लावा, पाच मिनिटांत वाळतं आणि तडा एकदम साफ दिसतो. नितीनदादा म्हणाला, 'पोरगी आली आणि वर्कशॉपचं पार्लर झालं.' पण लावायला लागले. बाटली माझी, लाल. ठिपका लावायचं काम पण माझ्याकडंच आलं. बेगमची टेस्ट मीच घेतली होती. पूर्ण वीस मिनिटं, नियमानं. ती टेस्ट खरी होती — हे मी माझी बाजू मांडायला नाही सांगत. उलट हे कळल्यावर पुढचं जास्त घाण वाटेल.

त्या रविवारी मला व्हिडिओ काढायचा होता.

बस. एवढंच कारण. मला बेगमचा एक नंबर व्हिडिओ पाहिजे होता, जवळनं, चाक फिरतंय, पिस्टन पळतोय, मागून ऊन. आणि दर वेळी चाक रंगात आलं की सेफ्टी वाल्व फुस्स करायचा आणि सगळी वाफ माझ्या कॅमेऱ्यावर. तीनदा झालं. चौथ्यांदा झालं. चाचा आत तेल आणायला गेले होते, बाकीचे नितीनदादाच्या कपाभोवती. आणि मी पकड उचलली आणि नट आवळला. दोन पेच. ठिपका तडकला, मी बघितला तडकलेला. मनात म्हटलं, दोन मिनिटं, व्हिडिओ झाला की परत ढिला करते.

कुकरच्या शिट्टीवर कुणी वरवंटा ठेवतं का? मी ठेवला. डिप्लोमा फर्स्ट क्लास.

व्हिडिओ लई भारी आला. चाचा तेल घेऊन आले, त्यांनी वाफेची चावी बंद करून बेगमला थांबवलं, तेल द्यायला. खाली शेगडी चालूच, ती नेहमीच चालू राहायची, कारण जास्त झालं तर वाल्व बोलतो. चाचा काट्याकडं फार बघायचेच नाहीत. 'प्रेशर कानानं कळतं बेटा,' म्हणायचे. आणि वाल्व गप्प होता, म्हणून चाचा निवांत होते. आणि मी? मी तीन फुटांवर उभी राहून स्वतःचाच व्हिडिओ बघत होते. परत परत. कुठलं गाणं टाकावं याचा विचार करत.

मग फाट्कन आवाज झाला. शिट्टीची नळी जिथं बॉयलरला जोडलेली होती तिथला डाख, म्हणजे धातू वितळवून केलेला जोड, सुटला, आणि सगळी वाफ चाचांच्या डाव्या हातावर. कोपरापासून मनगटापर्यंत. ते ओरडले पण नाहीत. फक्त 'या अल्लाह' म्हणून खाली बसले.

इमरानभाई, म्हणजे चाचांचा मुलगा, पळत आला. त्यानं आणि नितीनदादानं चाचांना गाडीत घातलं, बाकीचे मागं बाईकवर. जाता जाता नितीनदादा मला म्हणाला, 'तू थांब, शेगडी बंद कर, सगळं नीट बघ.'

मी नीट बघितलं.

आता ऐका, कारण माझा खरा गुन्हा इथं आहे. नट आवळला तो येडेपणा होता. येडेपणाला माफी असते, चाचांनी तर नक्की दिली असती, चार शिव्या देऊन. पण मी काय केलं? मी शेगडी बंद केली. बॉयलर निवू दिला. पकड घेतली, नट दोन पेच मागं आणला, तडकलेल्या ठिपक्याचे दोन अर्धे बरोबर समोरासमोर जुळवले. पर्समधनं बाटली काढली. आणि वरून नवीन ठिपका लावला. एकदम मापात, अर्धा नटावर, अर्धा बॉडीवर. क्वालिटीवाली ना मी. फुंकर मारून वाळवला.

मग दवाखान्यात गेले आणि चाचींच्या गळ्यात पडून रडले. ते रडणं खोटं नव्हतं, हीच तर चीड येते.

पुढच्या रविवारी नितीनदादानं तपासणी केली. आधी ठिपका बघितला — शाबूत. वाल्व काढून पंपावर लावला — बरोबर प्रेशरला उघडला. म्हणजे वाल्व ठीक. मग राहिलं काय? डाख. त्यानं माझ्याकडं बघितलं. 'टेस्ट पूर्ण घेतली होतीस ना गं?' मी म्हटलं, 'व्हय.' तेव्हा चाचा, हाताला बँडेज, खुर्चीत बसलेले, त्यांनी त्याला गप्प केलं. 'उस बच्ची को कुछ मत बोलो. डाख मी लावला होता, तिनं नाही. हात गेले आता माझे.'

हात गेले माझे. चाळीस वर्षं लेथवर काढलेल्या माणसानं सगळ्यांसमोर असं म्हटलं, आणि मी काय केलं माहितीये? मी मान खाली घातली. शहाण्या पोरीसारखी.

इमरानभाईनं लेथवर ताडपत्री टाकली, शेडला कुलूप. 'अब्बू, बस झालं खेळणं.' आम्ही नितीनदादाच्या गच्चीवर भरायला लागलो, सिडकोत. त्यानं ग्रुपवर मेसेज टाकला — चाचांनी यापुढं फक्त बघायला यावं, पेटवायचं काम तरुणांनी करावं, वयाचा प्रश्न आहे, गैरसमज नसावा. सगळ्यांनी अंगठे टाकले. मला त्या मेसेजचा इतका राग आला, इतका, की मोबाइल भिंतीवर मारावासा वाटला. कोण हे लोक? ज्या माणसानं तुम्हाला कानस धरायला शिकवलं त्याला तुम्ही गच्चीवर खुर्ची देणार? प्रेक्षक म्हणून?

आणि मी पण अंगठा टाकला. शेवटचा माझा. राग त्यांच्यावर काढणं लई सोपं होतं. दोन वर्षं तेच केलं मी. नितीनदादा खडूस, इमरानभाई घाबरट, ग्रुप नालायक. अरे पण त्यांनी काय केलं होतं? त्यांनी ठिपक्यावर विश्वास ठेवला.

चाचा गच्चीवर एकदाही आले नाहीत.

गेल्या रविवारी त्यांचा फोन आला. 'बेटा, जरा येऊन जा.' गेले. इमरानभाई त्याच्या दुकानात होता. चाचांनी मला मागच्या अंगणात नेलं आणि बिस्किटाचा एक मोठा पत्र्याचा डबा उघडला. आत तांब्याचे तुकडे. प्रत्येक तुकड्याला एक छोटी नळी डाखलेली, आणि प्रत्येक तुकडा करवतीनं मधोमध कापलेला. प्रत्येकावर नंबर कोरलेला. शेवटचा नंबर एकसष्ट.

मला कळेना. मग त्यांनी सांगितलं. दोन वर्षं, इमरानभाई दुकानात गेला की, ते अंगणात बसून तोच जोड परत परत करत होते. डाख लावायचा, कापायचा, आत बघायचं, कुठं पोकळ राहिलंय का. भाजलेला हात नीट वळत नाही त्यांचा, तरी. आपली चूक शोधत होते.

त्यांनी माझ्या हातात भिंग दिलं. 'तू क्वालिटीची आहेस. बघ आणि सांग.'

मी बघितले. बरेच बघितले, एकसष्टच्या एकसष्ट नाही बघू शकले. एकाही जोडात टाचणी शिरंल एवढी जागा नाही. आमच्या कंपनीत असं काम येत नाही. मी म्हटलं, 'चाचा, सगळे पास.'

'वही तो,' ते म्हणाले. 'सब भरेले हैं. मग तो एकच कसा सुटला? समझ में नहीं आता बेटा. झोप लागत नाही.'

तेव्हा सांगायचं होतं. तोंड उघडलं होतं मी. समोर डबा होता, चाची चहा टाकत होत्या, यापेक्षा चांगली वेळ कुठली होती? आणि मी म्हटलं — 'जुनं झालं चाचा, सोडा.'

सोडा म्हटलं मी. त्यांना.

निघताना त्यांनी बेगम माझ्या हातात दिली, जुन्या शालीत गुंडाळून. 'नवीन डाख तू लाव. माझ्या हाताचा आता भरवसा नाही.' मी घेतली. रिक्षात मांडीवर घेऊन आले.

आठवडाभर ती माझ्या टेबलावर आहे. लाल ठिपका अजून तसाच, चकचकीत. काल मी त्याच्यावर नख लावलं. वरचा थर निघाला आणि खालचा जुना ठिपका दिसला, मधोमध तडा गेलेला. दोन वर्षं तो तिथंच होता, कुणीही खरवडलं असतं तर दिसला असता. कुणी खरवडलं नाही, कारण नियम होता — ठिपका शाबूत तर विचारायचं नाही.

आणि एक सांगायचं राहिलं. चाचा मराठी झकास बोलतात, पण वाचत नाहीत, उर्दू शाळेत शिकलेत. म्हणजे हे सगळं मी मराठीत लिहितीये, आणि ते ज्याला कळायला पाहिजे तो एकटाच हे वाचू शकत नाही. हे टाइप करता करता लक्षात आलं माझ्या. बघा, कबुली देताना पण मी पळवाट ठेवलीच. बाकी सगळ्यांना पाठवीन मी हे, नितीनदादाला, ग्रुपवर, सगळीकडं. पण त्यांना तोंडानंच सांगावं लागणार. त्यांच्याकडं बघून.

बेगम शालीत गुंडाळलीये. नट जसा आहे तसा ठेवलाय, खालचा तडा उघडा. पकड पण घेतलीये, तीच. किती पेच ते करून दाखवणार. माफ करा असं म्हणणार नाही, कारण मग त्यांना करावं लागेल, आणि ते करतील.

सव्वाआठ झाले. तुमची चूक दुसऱ्या कुणी स्वतःच्या नावावर घेतली, आणि तुम्ही ती घेऊ दिली — असं झालंय का तुमच्यापैकी कुणाचं?