डावीकडचा बोल्ट

वैशाखातला रविवार, सकाळी नऊ. ठिकाण: रोह्याचं अंगण. हजर: माझे थोरले दीर (गाडीखाली), माझा नवरा (स्टिअरिंगवर) आणि मी (पेणहून आणलेले नवे बुश आणि कामांची वही घेऊन). जाऊबाई ओटीवर तांदूळ निवडत होत्या, पण वही पाहताच म्हणाल्या, "माझं नाव नको हां घालू त्यात. मी बसणार नाय त्या गाडीत." म्हणून त्या गैरहजर.

गाडीचं इतकं मन लावून ऐकणारा आणि माणसांचं इतकं न ऐकणारा माणूस माझ्या थोरल्या दिरांखेरीज अख्ख्या रायगड जिल्ह्यात सापडायचा नाही. भाऊजी गाडीत बसले की गाणी बंद, पंखा बंद, आणि आपण तोंड उघडलंच तर "गप गो, ती काय सांगते ते ऐकू दे." ती म्हणजे गाडी, वय वर्षं सतरा. गेल्या महिन्यात मागून ठकठक येऊ लागली. पुढे बसून नीट ऐकू येईना, म्हणून भाऊजी झाकण उघडं ठेवून डिकीत आडवे झाले, कान पत्र्याला लावला, आणि माझ्या नवऱ्याने त्यांना तसंच रोह्याहून निडीपर्यंत नेलं. निडीला दोन रिक्षावाल्यांनी हात दाखवून गाडी थांबवली. "कोण गेलं ओ?" त्यांनी हळू आवाजात विचारलं. डिकीतून उत्तर आलं, "मागचे बुश."

बुश म्हणजे मागचा दांडा गाडीला जिथे जोडलेला असतो तिथली मुठीएवढी रबरी गादी. ती फाटली की प्रत्येक खड्डा थेट मणक्यात येतो. भाऊजी कंपनीत फिटर होते. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, तरी घरात शिफ्ट चालते: बाराला जेवण, साडेबाराला पुन्हा कामावर. जुना नट ते टाकत नाहीत, चहाच्या डब्यात ठेवतात. त्यामुळे त्या घरात चहा करणं हे धाडसाचं काम आहे. नवा बुश बसवायला साबणाचं पाणी लागतं. त्या सकाळी न्हाणीतून जाऊबाईंचा आवाज आला, "माझा चंदनाचा साबण कुठंय?" भाऊजी गाडीखालून म्हणाले, "तुझ्या सीटखाली."

जुने बुश निघाले, नवे बसले, मी वहीत खुणा केल्या. उरली बोल्टांची शेवटची आवळणी. मी म्हटलं, "आवळून टाका ना, भाऊजी. दोनची एसटी मिळेल आम्हाला." त्यांनी गाडी जॅकवरून उतरवली आणि मागची चाकं जाड फळ्यांवर टेकवली. "गाडी हवेत असताना आवळलं तर रबर पिळून बसतं. तिची माणसं आपापल्या जागेवर बसली की मगच आवळायचं." मग अगदी हळू म्हणाले, "दोन वर्षांमागं हवेतच आवळला होता मी. घाई केली."

ती घाई आम्हा सगळ्यांना माहीत होती. जाऊबाईंचं माहेर हमरापूरचं. लग्नानंतरही दरवर्षी भावाच्या गणपतीच्या कारखान्यात जाऊन मूर्तींचे डोळे त्याच आखत. त्या वर्षी भाऊजींनी सकाळी बुश बदलले आणि लगेच निघाले. वडखळच्या अलीकडे डावीकडचं रबर फाटलं, आणि जाऊबाईंची पाठ धरली ती पंधरा दिवस. त्यानंतर त्या गाडीत बसल्या नाहीत, आणि डोळे आखायलाही गेल्या नाहीत.

मी मागच्या सीटवर उजवीकडे बसले, उजवा बोल्ट आवळला गेला. "आता मी डावीकडे सरकते," मी म्हटलं.

"नको. तिथं ती बसते."

"मग तांदळाची गोणी ठेवू या. वजनाशी मतलब."

"गोणीला पाठ असते काय?"

ओटीवर सुपाचा आवाज थांबला. "माझं वजन सगळ्या आळीत सांगा आता," जाऊबाई म्हणाल्या. आम्ही वाट पाहिली. त्या काही उतरल्या नाहीत.

चार वाजले. भाऊजी बाहेर आले, हात धुतले, गोधडीची चौघडी करून डाव्या सीटवर अंथरली आणि ते दार उघडंच ठेवलं. पाना बोल्टावर तसाच लावलेला होता.

निघताना मी वहीत लिहिलं: "बाकी: डावीकडचा बोल्ट आवळणे. लागणारं माणूस: जाऊबाई." जाऊबाईंनी हात पुढे केला. "बघू, काय लिवलंस." वाचलं. माझ्या हातातलं पेनही घेतलं. मला वाटलं, आता नाव खोडतील. पेनाचं टोक नावावर बराच वेळ टेकलं, मग त्यांनी वही मिटून मला परत दिली.

"पाचची एसटीपण चुकेल तुमची," त्या म्हणाल्या.

नाव अजून तिथेच आहे. बोल्टही आवळायचा आहे.