फुप्फुसांचं वय

सारजाबाई अठ्ठेचाळीस वर्षांच्या. खुलताबादजवळच्या वस्तीवरून रोज उस्मानपुऱ्यात यायच्या आणि द्वारकाबाईंकडे स्वयंपाक करायच्या. एकदा त्या एकाहत्तर वर्षांच्या द्वारकाबाईंना तपासणीला घेऊन गेल्या, तर दवाखान्यातल्या नर्सनं चाकाची खुर्ची सारजाबाईंपुढंच आणली.

"बसा आजी, लई धाप लागलीय तुम्हाला."

"अवं, पेशंट मी नाय, ह्या हायेत!"

द्वारकाबाई चपापल्या. ही धाप त्या रोज ऐकत होत्या. त्यांनी डॉक्टरीणबाईंना सारजाबाईंनाही तपासायला लावलं. श्वास मोजायच्या नळीत दोनदा फुंकताच सारजाबाईंचा दम संपला.

"तुमची फुप्फुसं सत्तरीच्या माणसासारखी झालीत. बिडी ओढता?"

"कधीच नाय."

"मग चूल?"

"व्हय, सातव्या वर्षापासून. खोलीला खिडकी नाय."

"गेलेला दम आता पुरता परत यायचा नाही. औषधानं आहे तेवढा टिकेल."

द्वारकाबाईंची फुप्फुसं मात्र ठणठणीत निघाली.

सारजाबाई घरी पोचल्या, तेव्हा सून ज्ञानेश्वरी तान्ह्या लेकीला मांडीवर घेऊन चूल फुंकत होती. रोजचंच दृश्य, पण आज त्या दारातूनच ओरडल्या.

"ऊठ! पोरीला घेऊन भाईर हो आधी!"

सून घाबरून उठली. सारजाबाईंनी जळती लाकडं ओढून अंगणात नेली. त्या दिवसापासून चूल उघड्यावरच पेटू लागली.