कुंडीतली माती

"काका, परत एकदा चाटा ना. चेहऱ्यावर उजेड कमी पडला."

अंधेरीचा एसी हॉल. समोरून कॅमेरावाला सांगत होता. खुर्च्यांवर आमच्या मनोरीची सोळा पोरं. मी खाली चटईवर, हातात बशी, बशीत ओली माती. साठी उलटलेला तांडेल मी, चाळीस वर्षं होडी चालवलेला. लाल टोपी, कमरेला रुमाल, मांड्या उघड्या. घरून पँट-शर्ट घालून आलो होतो. कोर्स घेणाऱ्या संस्थेच्या साहेबांनी वरपासून खालपर्यंत बघितलं. म्हणाले, "असे नको. कोळी वाटत नाही तुम्ही." मी पँट काढली. हे सांगायला आजही लाज वाटते.

बोलावलं होतं शिकवायला. धुक्यात किनारा दिसेना, जीपीएस बंद पडलं, तर आपण कुठे आहोत ते ओळखायचं कसं. आम्ही दोरीला शिसं बांधून तळाला सोडतो. शिशाच्या बुडाला साबण चोपडलेला असतो, त्याला तळाची माती चिकटून येते. दोरी किती वाव गेली ते हात पसरून मोजायचं, पसरल्या दोन हातांएवढा एक वाव. मग माती जिभेवर घ्यायची. दाताखाली कचकचली तर वाळू. लोण्यासारखी विरघळली तर चिखल. कुठे काय लागतं हे ज्याच्या तोंडपाठ, तो घरी येतो. बापाने शिकवलं तेव्हा चुकलो की कानाखाली बसायची. फार राग यायचा त्याचा. पुढे स्वतः तांडेल झालो, मागे माणसं बसायला लागली, तेव्हा राग गेला.

बशी साहेबांनीच आणून दिली होती. पहिल्यांदा चाटली तेव्हाच कळलं. मीठ नाही, समुद्राचा वास नाही. शेणखत. दारातल्या कुंडीतली माती होती ती.

हळूच म्हणालो, "साहेब, ही समुद्राची नाही."

ते कानाशी वाकले. "दिसायला तीच आहे ना काका? वीस वावांची म्हणा. पोरांना काय कळतंय!"

आणि मी म्हणालो. वीस वाव, चव कडवट. कॅमेऱ्यापुढे, माझ्याच गावच्या पोरांपुढे. का म्हणालो? थकलो होतो. नातीला त्या कोर्सचं सर्टिफिकेट हवं होतं. आणि साहेब बोलला की मान हलवायची, ही सवय अंगात मुरलेली. टाळ्या पडल्या. वर पुन्हा चाटायची फर्माईश.

तेवढ्यात पहिल्या रांगेत बसलेली नात दिसली. मान खाली घालून वहीत लिहीत होती.

"काय लिवलंस गं?"

"तू बोललास तेच, आजा. वीस वाव, चव कडवट."

ही पोरगी उद्या होडीवर जाईल. धुकं पडेल. ती वही आठवेल, आजा खोटं बोलणार नाही म्हणून विश्वास ठेवेल, आणि होडी खडकावर घालेल.

बशी खाली ठेवली. "खोड ते. ही कुंडीतली माती हाय. मी खोटं बोललो."

साहेब हसले. "काका, एडिट करू आपण."

"माझी पँट द्या."

"अहो, तुम्ही आमचा अपमान करताय!"

मी कपडे बदलले आणि निघालो. सोळांतली चार पोरं मागे आली, त्यात नात होती. बाकीची सर्टिफिकेटसाठी थांबली. त्यांना काय बोलू? मीही त्याच्यासाठीच बसलो होतो.

आता रविवारी सकाळी त्या चौघांना घेऊन समुद्रात जातो. गुडघे दुखतात, दोरी ओढताना दम लागतो. परवा दोघंच आली. संस्थांचे फोन अजून येतात, दुसऱ्या साहेबांचे. मी एकच सांगतो: शिकायचं असेल तर होडीवर या, तळाची माती तुमच्या तोंडात घ्या. पोरं आली नाहीत, तर ही विद्या माझ्यासोबत जाईल. जाऊ दे. पण तिचा तमाशा मी करणार नाही.