बारोलोचा वास

"विनू गेला रे... ऑफिसला निघाला होता, बूट घालताना खाली बसला तो उठलाच नाही." नलिनीवहिनीचा फोन येऊन महिना होत आला.

विनूदादा माझा मामेभाऊ. नव्वदच्या दशकात दुबईच्या एका हॉटेलात वेटर म्हणून आला आणि बघताबघता तिथल्या इटालियन रेस्टॉरंटची सगळी वाईन सांभाळू लागला. राहायचा शारजात, अल नहदाला. तिथे घरात दारूचा थेंब ठेवायची बंदी, त्यामुळे आमच्या वाट्याला फक्त वर्णनं! हॉटेलने त्याला एकदा इटलीत, बारोलो नावाची वाईन बनते त्या द्राक्षमळ्यांवर पाठवलं. परतल्यावर सुट्टीचे कित्येक शुक्रवार तेच... उतारावरच्या वेली, चुनखडीची पांढुरकी माती, दरीतून चढणारं धुकं. "आपल्या नाशिकला द्राक्ष गोड झालं की काढतात. हे लोक धुकं पडेपर्यंत थांबतात. मग वर्षानुवर्षं लाकडी पिंपात. आणि वास? सुकलेला गुलाब आणि डांबर, एकदम!"

"शी! डांबर?" वहिनी म्हणायची.

"अगं, नाक लागतं त्याला."

मग शारजाच्या रस्त्यावर गाडीला धडक बसली, डोकं आपटलं. वाचला म्हणून आम्ही पेढे वाटले. घरी आल्यावर एके सकाळी दूध करपून धूर झाला, आणि हा शेजारीच पेपर वाचत बसलेला. वास गेला होता. डॉक्टर म्हणाले, परत येणार नाही.

हॉटेलात त्याने कुणालाच सांगितलं नाही. प्रत्येक बाटली तोंडपाठ होती, त्यावर काही महिने निभावलं. पुढचं त्याने मला एकदाच सांगितलं, गाडी चालवत, समोर बघत. नव्या मॅनेजरला संशय आला होता. भरल्या रेस्टॉरंटमध्ये त्याने मुद्दाम बुचामुळे नासलेली बारोलो दादाच्या हाती दिली. दादाने ग्लास फिरवला, नाकाशी नेला आणि गुलाब, धुकं, तो उतार... सगळं सुंदर सांगितलं. टेबलावरच्या बाईने नाकाला रुमाल लावला होता. त्याला वाटलं, सर्दी असेल. मॅनेजरने त्याला पूर्ण बोलू दिलं. मग म्हणाला, "हबीबी, बोतल सड़ी हुई है. सबको बदबू आ रही है, सिर्फ आपको नहीं." लोक पोट धरून हसले. दादाने तो ग्लास ट्रेमध्ये ठेवला, टेबल पुसलं आणि मगच आत गेला. त्यानंतर एका कंपनीत ॲडमिनची नोकरी, आणि वाईनचं नाव नाही.

परवा मी वहिनीकडे गेलो. ती सांगत होती, "स्वतःचा घामही कळायचा नाही ना त्याला... रोज दारात थांबून विचारायचा, 'मला वास येत नाही ना गं?' मी कॉलर हुंगायची, म्हणायची, 'यल्ला, जा आता.' येत असायचा थोडा. मला आवडायचा." बोलताबोलता तिने त्याचं कपाट उघडलं. सगळे शर्ट इस्त्री करून टांगलेले. कॉलेजातून सुट्टीवर आलेली त्यांची लेक गौरी मागून म्हणाली, "आय वॉश्ड एव्हरीथिंग, आई. यू वेअर सो टायर्ड."

"बरं केलंस हो," वहिनी म्हणाली. गौरी आत गेल्यावर तिने पहिल्या शर्टाची कॉलर नाकाशी धरली. मग दुसऱ्या. मग तिसऱ्या...