बेलपाड्याच्या बांधावर अठरा पांढरे ट्रक

मी सेनेचे तीन ट्रक खाडीच्या चिखलात घातले. दिवसाढवळ्या, नकाशा हातात असताना, आणि शत्रू हजारो मैल लांब असताना. हे आधीच सांगून टाकते, कारण माझी नात शाळेत सांगत फिरते की आजी मिलिटरीत होती आणि फार शूर होती. मिलिटरीत होती, एवढं खरं आहे.

साल १९९३. बायकांना अधिकारी म्हणून घ्यायला नुकतीच सुरुवात झाली होती. मी शिक्षण शाखेत सेकंड लेफ्टनंट. खांद्यावर एकच तारा, तोही इतका नवा की येता-जाता खिडकीच्या काचेत मी तो जागेवर आहे ना, हे बघून घ्यायची. मला हाक कशी मारायची, हे जवानांचं ठरत नव्हतं. ‘साब’ म्हणावं तर टोपीखाली अंबाडा, ‘मॅडम’ म्हणावं तर खांद्यावर तारा. शेवटी ‘मॅडम साब’ वर तडजोड झाली.

त्या वर्षी आपली एक ब्रिगेड शांतिसेनेत सोमालियाला निघाली होती. तिची काही वाहनं पुण्याकडून घाट उतरून पनवेलला यायची, तिथे तात्पुरत्या कॅम्पात थांबायची आणि गोदीत जहाज लागलं की मुंबईला जायची. आमचा कॅम्प विचुंब्याच्या बाजूला, एका बंद भातगिरणीच्या आवारात होता. अठरा ट्रक, बेचाळीस माणसं. शांतिसेनेचे म्हणून सगळे ट्रक पांढरे रंगवलेले. रस्त्याने जाणारे विचारायचे, “दुधाच्या गाड्या काय?”

दिनक्रम ठरलेला. साडेपाचला पीटी, सातला नाश्ता, आठला गाड्यांची देखभाल, अकराला लेक्चर. लेक्चरसाठी मला चार दिवस पुण्याहून पाठवलं होतं. कॅम्प कमांडर कॅप्टनसाहेबांनी पहिल्याच दिवशी विषय दिला.

“तिथे अमेरिकन फौज असेल. हे लोक कोण, घर सोडून जगभर कसे पोचले, ते जवानांना सांगा. चाळीस मिनिटं.”

“येस सर.”

इतिहासात एम.ए. केलेल्या पोरीला याहून गोड ऑर्डर काय हवी? मी गिरणीच्या पत्र्याच्या शेडमध्ये पॅसिफिक महासागराचा नकाशा टांगला. गोष्ट खरं तर साधी आहे. १८९८ साली अमेरिकेने स्पेनशी युद्ध केलं. निमित्त क्युबाच्या सुटकेचं. युद्ध संपलं तेव्हा अमेरिकेच्या हातात पोर्तो रिको होतं, ग्वाम होतं, फिलिपिन्स होतं. त्याच वर्षी हवाई बेटंही घेऊन झाली. फिलिपिन्सच्या लोकांना वाटलं होतं, हे आपल्याला सोडवायला आलेत. पुढची काही वर्षं त्यांना या सोडवणाऱ्यांशीच लढावं लागलं.

हे मी असं सांगितलं असतं तर बरं. पण मी सुरुवात केली ती “नाविक सत्तेच्या सिद्धांताच्या अनुषंगाने विस्तारवादी धोरणाची जी परिणती झाली” इथून. तिसऱ्या रांगेतला एक शिपाई डोळे उघडे ठेवून झोपला होता. ही कला सेनेत शिकवावी लागत नाही. चाळीस मिनिटांत एकच गोष्ट मी खडूने काढून दाखवली, ती म्हणजे कोळशाचे ढीग. तेव्हाची जहाजं कोळशावर चालायची, समुद्र मोठा, म्हणून वाटेत बेटाबेटांवर कोळसा ठेवायला जागा लागायची.

सेनेत कुठलंही लेक्चर, कुठलीही ऑर्डर एकाच प्रश्नाने संपते. मीही तो छाती काढून विचारला.

“कोई शक?”

“नहीं, मॅडम साब!”

बेचाळीस गळ्यांचा आवाज. पत्रे हादरले. त्या आवाजावर माझा विश्वास बसला. रिपोर्टात मी लिहिलं, ‘विषय सर्वांना पूर्ण समजला.’

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला कॅप्टनसाहेबांना मलेरियाच्या तापात इस्पितळात हलवलं. आठला वायरलेसवर निरोप आला. जहाज लागलं आहे, ताफा चौदाशे वाजता, म्हणजे दुपारी दोनला, गोदीच्या गेटवर हवा. कॅम्पात अधिकारी मी एकटीच. माझ्याखाली सुभेदार जाधव, साताऱ्याचे, पंचवीस वर्षं नोकरी झालेले. त्यांनी हा ताफा डोळे बांधूनही नेला असता.

“मॅडम, नेहमीच्या हायवेनेच जाऊ,” ते म्हणाले.

“कळंबोलीच्या नाक्यावर जाम आहे, सुभेदार साहेब. सकाळपासून ट्रेलर आडवा पडलाय.”

“जाम सुटतो, मॅडम.”

पण मी नकाशा उघडला होता. खारघरच्या बाजूला, बेलपाड्याजवळ, खाडीकडच्या जमिनीतून नव्या शहरासाठी एक रस्ता आखलेला होता. नकाशावर तो सरळ आणि काळाभोर. मी त्यावर लाल पेन्सिल ओढली, माणसं फॉलइन केली आणि मार्ग समजावला.

“कोई शक?”

“नहीं, मॅडम साब!”

साडेनऊला आम्ही निघालो. दहा वाजून दहा मिनिटांनी नकाशावरचा रस्ता संपला आणि खरा सुरू झाला. तो म्हणजे खाजणातून, खाडीकाठच्या दलदलीतून, गेलेला मातीचा बांध, वर नावाला मुरूम. माझी जीप हलकी, ती निघून गेली. जीपमधला वायरलेस सेट खरखरला. मी अल्फा, मागे सुभेदार जाधव ब्राव्हो.

“हॅलो अल्फा, ब्राव्हो बोलतोय. एक नंबर गाडी धसली. ओव्हर.”

“ब्राव्हो, रिव्हर्स घ्या. ओव्हर.”

“अल्फा, दोन नंबर पण धसली.” थोडा वेळ गेला. “तीन नंबर पण. ओव्हर.”

मी उतरून मागे पळाले. तीन ट्रक एक्सलपर्यंत चिखलात, मागे पंधरा बांधावर उभे, वळायला जागा नाही. मी सुभेदारांना वेळ विचारत होते तेवढ्यात एक ड्रायव्हर पुढे येऊन सावधान उभा राहिला. नाईक काशिनाथ घरत, तीन नंबर गाडीचा. पाण्याचा टँकर चालवायचा. तिशीचा, सडपातळ, कमी बोलणारा.

“मॅडम साब, पानी येतंय.”

“कुठलं पाणी?”

“खाडीचं. काल पुनव झाली. तिथीची पाऊनपट करायची, ती भरतीची येळ. पुनवेची पंधरा, आज सोळा. आज बाराला पूर्न भरती, आनि उधानाची. ह्या बांधावर कंबरभर पानी चढतं.”

“तुला कसं माहीत?”

त्याने डावीकडे बोट केलं. अर्ध्या मैलावर घरं दिसत होती.

“माझा गाव हाय. बेलपाडा.”

आता बघा. फिलिपिन्समध्ये मनिलाच्या खाडीत अमेरिकनांनी स्पेनचं आरमार कोणत्या तारखेला बुडवलं, ते मला पाठ होतं. आज तिथी कोणती, ते माहीत नव्हतं. आणि ज्याला माहीत होतं, त्याने सकाळी माझ्यासमोर उभं राहून “नहीं, मॅडम साब” म्हटलं होतं. ओरडायला वेळ नव्हता. दहा पंचवीस झाले होते.

“काय करायचं ते तू सांग,” मी म्हणाले.

त्याने एकदा सुभेदारांकडे पाहिलं. सुभेदारांनी मान हलवली.

“पुढं उघाडी हाय, भरतीचं पानी अडवायचं दार. त्याच्या फळ्या तुटल्यात. ती बुजवली तर तासभर मिळंल. गावात जातो, मानसं आनतो.”

तो धावत गेला आणि वीस मिनिटांत गाव घेऊन आला. पुढे त्याची आई, सोनाबाय. साठीची बाई, लुगडं गुडघ्यापर्यंत खोचलेलं. जन्म मिठागरात आणि खारबांधावर गेलेला. तिने आधी ट्रक पाहिले, मग उघाडी, मग आम्हाला.

“ह्या गाड्या हिथं कुनी आनल्या रे, काशा?”

मी तोंड उघडणार, तोच तो म्हणाला, “नकाशानी, आये.”

“मग त्या नकाशालाच लाव ढकलायला,” म्हातारी म्हणाली आणि कामाला लागली.

तिने दोन रांगा लावल्या. बायका आणि जवान एकाआड एक. चिखलाची घमेली हातोहात उघाडीकडे. फळ्या, पेंढा, वर चिखल, पुन्हा पेंढा. मीही रांगेत होते. माझं घमेलं अर्धंच भरलेलं बघून सोनाबाय म्हणाली, “तारा लावलाय खांद्याला, ताकद कंच्या खिशात ठेवलीस?” सुभेदार जाधवांनी तोंड फिरवलं. त्यांचे खांदे हलताना मला दिसले.

उघाडीतून येणारं पाणी अकराला थांबलं. बाहेर खाडी चढत होती, आत बांध उघडा होता. चाकांखाली मिठागराच्या फळ्या टाकल्या, दोर लावले. अकरा वीसला तीन नंबर निघाली. अकरा चाळीसला दोन. एक नंबर हलेना. बारा वाजता खाडीचं पाणी बाहेरून बांधाच्या कडेला लागलं, उघाडीच्या पेंढ्यातून झिरपायला लागलं. गाव आणि सेना, सगळे एकाच दोराला होते. बारा दहाला ती गाडी अशी काही उसळून बाहेर आली की अर्धी माणसं पाठीवर पडली. मी चिखलात बसले आणि बसलेच. हसू आवरेना. बूट एक चिखलात गेला होता. तो अजून तिथेच आहे.

अठरा पांढरे ट्रक काळे झाले होते. ओहोटी लागेपर्यंत वाट बघायची होती, म्हणून जवान गावाच्या तळ्यावरून पाणी आणून ते धुवायला लागले. घरत माझ्याजवळ टँकरचं चाक खरवडत होता.

“घरत, सकाळी का नाही बोललास?”

“शक विचारला का नाय म्हनायचं, हे रंगरूट असताना शिकवतात, मॅडम साब.”

“आणि कालचं लेक्चर? त्यातलं काय समजलं?”

“खरं सांगू?”

“सांग.”

“कोळशाचं समजलं. आधी म्हनाले, कोळसा ठेवायला जागा द्या. मग कोळसा राखायला मानूस आला. मग मानसाला घर. मग घर राखायला पलटन.” त्याने हातातला चिखल फेकला. “आमच्याकडं नव्या शहरासाठी जमिनीचे मोजनीवाले आले ना, तवा आधी पानी प्यायला आले. आयेनंच तांब्या दिला. मग जमीन गेली.”

माझी चाळीस मिनिटं त्याने चार वाक्यांत आटोपली. मला वाटलं झालं. मी उठायला लागले.

“पन एक शक हाय.”

मी परत खाली बसले. “तुझा शक काय, तो सांग.”

“आमी तिकडं चाललो. गाडी पांढरी हाय, पन बंदूक हाय. तिथली मानसं मना कोन समजतील? पानी देनारा, का मोजायला आलेला?”

हे माझ्या एम.ए.च्या वह्यांमध्ये नव्हतं. मी तसं त्याला सांगितलं. तो म्हणाला, “चालंल. तिथं जाऊन बघतो.”

ओहोटीनंतर गाड्या उलट्या काढून हायवेने आम्ही सतराशे वीसला गोदीच्या गेटवर पोचलो, तीन तास वीस मिनिटं उशिरा. जहाजात माल चढायला सुरुवात झाली ती दोन दिवसांनी. तोवर माझ्याकडे लेखी खुलासा मागितला गेला होता. मी खरं ते लिहिलं. ठपका बसला. पुढे वीस वर्षं मी जवानांना शिकवलं, पण लेक्चरच्या शेवटी ‘कोई शक’ म्हणून मोकळी झाले नाही. एकाला पुढे बोलवायची, आपण खाली बसायची आणि म्हणायची, आता तू मला शिकव. अमेरिकेची गोष्ट कायम कोळशापासून सुरू केली. ती घरतची पद्धत.

सुभेदार जाधव ब्रिगेडबरोबर सोमालियाला गेले होते; पुढचं त्यांनी परत आल्यावर सांगितलं. घरत तिकडेही टँकरच चालवायचा. नव्या गावात गेला की हत्यार गाडीतल्या साथीदाराकडे देऊन आधी तिथल्या बायकांची भांडी भरायचा, मग छावणीची टाकी. एका सकाळी रूट ब्रीफिंगमध्ये नेहमीप्रमाणे ‘कोई शक’ झालं आणि मागून आवाज आला, “शक है, साब.” सगळे वळून बघायला लागले. घरत उभा होता. त्या रस्त्यावरून काल गुरं गेली नाहीत, माणसंही कडेने चालतात, असं त्याने सांगितलं. रस्ता तपासला तर सुरुंग निघाले. ताफा दुसरीकडून गेला. सगळे जेवायला परत आले.

दोन महिन्यांनी एका विहिरीवर पाणी भरून देताना गोळीबार झाला. नाईक काशिनाथ घरत तिथेच पडले. सुभेदार म्हणाले, “बायका पळाल्या नाहीत, मॅडम. एकीने स्वतःच्या अंगावरचं कापड काढून त्याच्यावर घातलं.” त्याला जे बघायचं होतं ते त्याने बघितलं की नाही, मला माहीत नाही. मी आपली समजूत घातली आहे, की बघितलं.

पावसाळ्याआधी मी आणि सुभेदार बेलपाड्याला गेलो. वाटेत मी काय बोलायचं ते पाठ केलं होतं. सोनाबाय ओटीवर सुपात कोलीम, म्हणजे बारीक जवळा, निवडत होती. मी टोपी काढली, पाठ केलेलं सगळं विसरले आणि तिच्यासमोर जमिनीवर बसले. तिने मला ओळखलं. मग सूप बाजूला ठेवून म्हणाली,

“काशानं कागदात लिवला व्हता, मॅडम चिखलात बसली आनि मना म्हनाली, तुझा शक काय तो सांग. बाय, आमची जमीन मोजली तवा कुनी असा खाली बसला नव्हता. तू येत जा. पन चालत ये, गाडी नको आनू.”