मायचे सगळे निरोप पाव्हण्यांना

हिरामण पाव्हणे गेल्याची खबर एका ट्रक ड्रायव्हरने आणली. मी उसाला पाणी धरत होतो. बांधाशी ट्रक थांबला, ड्रायव्हर उतरला, डोक्याचं फडकं काढून हातात घेतलं आणि भटू कोण ते विचारलं. विसरवाडीच्या मिस्तरींना सकाळी काम करता करताच छातीत कळ आली, जीप मिळेपर्यंत सगळं आटोपलं होतं, एवढं सांगून तो खाली मान घालून उभा राहिला. मी पाणी तसंच वाहतं सोडून घराकडे निघालो. वाटेत रडू आलं नाही. मनात एकच घोळत होतं, हा निरोपही मलाच न्यायचा आहे... माय आणि पाव्हणे यांच्यातले सगळे निरोप आजवर मीच नेले, आता हाही माझ्याच नशिबी.

हिरामण पाव्हणे म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, आक्काचे यजमान. आमचं गाव ब्राह्मणपुरी, त्यांचं विसरवाडी, सुरतेच्या सडकेवर. तिथे त्यांचं गॅरेज होतं. ट्रक, एस्टी, शेतावरची इंजिनं, जे बंद पडेल ते त्यांच्या दारात. आमच्या खानदेशात जावयाला पाव्हणाच म्हणतात, आणि आमच्या मायच्या पिढीत सासू जावयाशी बोलत नाही. तोंडावर पदर घेऊन दाराआड उभी राहायची आणि जे सांगायचं ते तिसऱ्याच्या तोंडून. आमचे वडील आक्काच्या लग्नाआधीच गेलेले, घरात तिसरा मीच. पाव्हणे ओट्यावर, माय दाराआड, दोघं दोन हातांवर, आणि मधे मी. माय म्हणायची, “भटू, त्यासले इचार, च्या पेतस का सरळ जेवतस?” हे त्यांना स्वच्छ ऐकू गेलेलं असायचं. तरी मी तोंड वळवून तेच विचारायचं, मग त्यांनी मला सांगायचं, मग मी मायला. एकदा वैतागून म्हणालो, तुमचं तुम्हीच बोला ना! तर दोघांनी असा चेहरा केला की जणू मी भरल्या घरात शिवी दिली. पुन्हा कधी तसं बोललो नाही.

मायबद्दल सांगायचं तर ती मुळातच कमी बोलणारी. माझ्याशी तिचं बोलणं म्हणजे गुरं सोडली का, पाणी कुठवर आलं, कडबा झाकला का. आजारी पडलो तर कपाळाला हात लावून बघायची आणि काढा करून आणायची, पण बरं वाटतंय का म्हणून विचारणार नाही. मला वाटायचं, बाईचा स्वभावच असा, तिला गोड बोलता येत नाही. पाव्हणे आले तेव्हा कळलं की येतं! चांगलं येतं! रस्त्यात ऊन लागलं का विचार, गादी टोचत नाही ना विचार, मागच्या वेळेपेक्षा वाळल्यासारखे दिसतात, खातात की नाही ते विचार. असले शब्द या घरात आहेत हे मला त्यांच्यामुळे कळलं. आणि ते सगळे माझ्याच तोंडून जायचे. माझा तर जळफळाट व्हायचा. अजूनही होतो, लपवायचं कशाला?

महाराष्ट्र राज्य झालं त्याच सुमारास आम्ही विहिरीवर ऑइल इंजिन बसवलं, आणि भर उन्हाळ्यात ते बंद पडलं. केळी सुकायला लागल्या. पाव्हणे मिळेल त्या गाडीने आले, लेंगा गुडघ्यापर्यंत ओढला आणि इंजिनाला भिडले. दुपारी इंजिन चालू झालं, पण टाकीतलं उकळतं पाणी उसळून त्यांच्या हातावर आलं. कोपरापर्यंत कातडी लालबुंद. घरी आणलं तर दाराआड मायचा जीव खालीवर. किती पोळलं विचार, आग होते का विचार, वैद्याला बोलवू का विचार... मग दाराच्या फटीतून वाटी पुढे आली, गायीचं तूप. “तू लाव. पन हळू लाव, लेकरूना हात शे.” माणूस चाळिशीला टेकलेला, दोन मुलींचा नि एका मुलाचा बाप, आणि आमच्या मायला लेकरू! मी मुकाट्याने तूप लावायला बसलो. पाव्हण्यांनी डोळे मिटले. सासूला ते मामी म्हणायचे. थोड्या वेळाने म्हणतात कसे, “भटू, मामीना हात भलता हलका शे.” हात माझा होता. बोटं माझी, कंबर माझी वाकलेली. पण ते म्हणाले ते खरंच होतं, म्हणून तर मला जास्त लागलं.

बरं, माणसात काही खोड असती तर मला तेवढाच आधार झाला असता. विसरवाडीला गेलो की पाहायचो. संध्याकाळी हे राकेलने हात धुवायचे, मग राखेने, मग साबणाने, आणि वास घेऊन खात्री झाली की ओट्यावर बसून दोन्ही मुलींच्या वेण्या घालायचे. गाड्यांचे ड्रायव्हर समोर ताटकळत उभे, आणि मिस्तरी रिबिनीचं फूल जमतंय का ते बघतायत. कोणी घाई केली तर म्हणायचे, गाडी थांबंल, पोरीचं डोकं कसं थांबंल? आक्काला हिवताप आला तेव्हा महिनाभर चूल त्यांनी सांभाळली. भाकरी जाड व्हायची, पण पोरं म्हणायची, बापाच्या हातचीच पाहिजे. माझ्या बायकोने हे एकदा डोळ्यांनी पाहिलं, आणि तेव्हापासून आमच्या घरातलं प्रत्येक भांडण पाव्हण्यांच्या नावाने संपायला लागलं. बहीण त्यांची झाली, माय त्यांची झाली, आता बायकोही त्यांचंच गाणं गाणार म्हटल्यावर माणसाने जायचं कुठे?

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, ते आक्काला घेऊन यायचे. पुरणाचा पहिला मांडा खापरावरून उतरला की त्यांच्या ताटात. ते मात्र दर वेळी तो अर्धा करून माझ्या ताटात टाकायचे. माय दाराआडून बघायची. मला त्यांचा राग करायचा असायचा आणि तोही ते धड करू द्यायचे नाहीत.

तर तो निरोप मी घरी नेला. माय जात्याजवळ बसली होती. माझ्या तोंडाकडे पाहूनच तिला समजलं, मला काही बोलावं लागलं नाही. दुपारपर्यंत आम्ही विसरवाडीला पोचलो. अंगणात पाव्हण्यांना निजवलं होतं. आक्का भिंतीला टेकून बसलेली, पोरं तिला बिलगलेली, सडकेवर ट्रकांची रांग लागलेली. माय पदर तोंडावर ओढून अंगणाच्या कडेला थांबली, जशी दाराआड थांबायची तशी. मी सवयीने दोघांच्या मधे जाऊन उभा राहिलो. काही सांगायचं असेल तर सांगेल, मी पोचवीन... खरंच असंच डोक्यात होतं. तिने हाताने मला बाजूला केलं. पुढे गेली, त्यांच्या उशाशी बसली, आणि तोंडावरचा पदर मागे टाकला. बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. माय त्यांच्या कपाळावर हात ठेवून म्हणाली, “पाव्हना, मन्हासंगे बोला आते.”

सगळं अंगण रडलं, मीही रडलो. मी कशासाठी रडलो ते मला तेव्हाच माहीत होतं. इतकी वर्षं मी मधे होतो म्हणून निदान ते शब्द माझ्या कानावरून तरी जायचे, आणि आता तिला माझी गरज उरली नव्हती.

तेरावं करून आम्ही परत आलो. माय आधीच अबोल, आता तर गुरांचंही विचारीना. आक्काकडून निरोप आला की तेवढा ऐकायची, मान हलवायची. बायको म्हणाली, त्यांना थोडे दिवस द्या. मी दिले. मला काय, सवयच होती.

परवा संध्याकाळी शेतातून आलो. माय दारात बसली होती, आत नाही, दाराआड नाही, उंबऱ्यावरच. ओट्याकडे बघत होती. मी पाय धुतले. ती म्हणाली, “भलता थकना का रे?” आणि मी ओट्याकडे तोंड वळवलं, विचारायला. तोंड उघडलंसुद्धा. ओटा रिकामा होता... मला विचारत होती ती. मी म्हणालो, हो माय, थकलो. तिने पाण्याचा तांब्या माझ्याकडे सरकवला आणि मी तिच्याजवळ उंबऱ्यावर बसून पाणी प्यायलो. पन्नाशीला आलेल्या माणसाला एवढ्याने भरून यावं, आलं. पण खरं सांगतो, पाव्हण्यांना विचारताना तिचा आवाज याहून मऊ असायचा.